लेथवर काम करणाऱ्याच्या मांड्यांवर पुटकुळ्या: दोष तेलाचा असेल का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ भोसरीतील एका कारखान्यात लेथ चालवतो. चेहरा स्वच्छ असूनही त्याच्या हातांवर आणि मांड्यांवर काळ्या टोकांच्या पुटकुळ्या उठल्या आहेत. घरचे तळकट खाण्याला दोष देतात. मला कूलंटची, म्हणजे धातू कापताना तो थंड ठेवायला सोडतात त्या द्रवाची, शंका येते.

प्रतिसाद १: आपली शंका रास्त आहे. तारुण्यपीटिका प्रामुख्याने चेहरा, छाती व पाठीवर येतात. तेलाच्या पुटकुळ्या मात्र तेलाने भिजलेला कपडा जिथे त्वचेला घासत राहतो तिथे उठतात, कारण तेल केसांच्या मुळांची तोंडे बुजवते. हात पुसायची चिंधी तो कुठे ठेवतो?

प्रश्नकर्ता: पँटच्या उजव्या खिशात. त्याच मांडीवर पुटकुळ्या जास्त आहेत!

प्रतिसाद २: एक दुरुस्ती. पाण्यात मिसळलेल्या कूलंटने बहुधा खाज आणि इसब होतो. अशा पुटकुळ्या पाणी न मिसळता वापरल्या जाणाऱ्या कटिंग ऑइलने (धातू कापताना वापरायच्या तेलाने) अधिक येतात. कपडे रोज बदलावेत आणि हात रॉकेलने धुऊ नयेत. त्वचारोगतज्ज्ञांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे.

प्रतिसाद ३: थोडे अवांतर. क्लोरॅक्ने हा याच जातीचा, पण कितीतरी गंभीर विकार आहे. इटलीतील सेवेसोजवळ १९७६ साली रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिन हे विषारी रसायन हवेत पसरले, तेव्हा तो मुख्यतः लहान मुलांना झाला. तिथे विष थेट शरीरात भिनते, इथे तेल फक्त केसांच्या मुळांची तोंडे बुजवते. त्यामुळे आपल्या भावाच्या बाबतीत ती धास्ती नको, आधी तो खिसा रिकामा करायला सांगा.