ब्राझीलमध्ये दव गोठले तर पुण्यातली कॉफी महाग का व्हावी?

प्रश्न – वाफाळता पेला

माझे पुण्यात फिल्टर कॉफीचे छोटे दुकान आहे. बिया चिकमगळूरच्या, चिकोरी गुजरातमधली आणि दूध शेजारच्या गवळ्याचे. असे असूनही पुरवठादार दर वाढवताना कधी ब्राझीलमधल्या थंडीचे, तर कधी व्हिएतनाममधल्या दुष्काळाचे कारण पुढे करतो. या कारणात तथ्य किती आणि थंडी ओसरल्यावर भाव खाली का येत नाही, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – वायदेवाचक

कारण खरे आहे. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या वायदे बाजारात, म्हणजे पुढे मिळणाऱ्या मालाचे सौदे आधीच होतात तिथे, ठरतो, आणि भारतातली बहुतांश कॉफी निर्यात होत असल्यामुळे मळ्यावर बोली लावणारा व्यापारीही तेच आकडे पाहून बोलतो. बाहेर जास्त मिळत असताना तो तुम्हाला स्वस्त कशाला देईल?

२० जुलै २०२१ रोजी ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात दव गोठले, तेव्हा त्या वर्षीची तोडणी चालू होती. म्हणजे हाती आलेले पीक फारसे गेले नाही. करपल्या त्या पानांसह कोवळ्या फांद्या, ज्यांवर २०२२ चे पीक धरायचे होते. तरीही काही दिवसांतच भाव पाउंडामागे दोन डॉलरच्या वर, म्हणजे २०१४ नंतरच्या उच्चांकावर गेला. याउलट जुलै १९७५ मध्ये पाराना प्रांतातले मळे गोठून काळे पडले, पण भावाने कळस गाठला तो एप्रिल १९७७ मध्ये, तीन डॉलरच्या पुढे. महागाईचा हिशेब न धरता तो उच्चांक डिसेंबर २०२४ मध्ये मोडला.

उत्तर – कावेरीकाठ

माझी थोरली बहीण कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, दिलेली आहे, त्यामुळे मळ्यावरची बाजू सांगते. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर अवकाळी पाऊस पडला की बागायतदार कपाळाला हात लावतो. तिथे मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे आकाशाकडे डोळे लावून बसतात, कारण रोबस्टाच्या मिटलेल्या कळ्या इंचभर पावसाशिवाय उमलतच नाहीत. या सरीला तिथे ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात. पावसानंतर आठ-दहा दिवसांनी सगळा मळा पांढरा होतो आणि जाईसारखा वास घरात शिरतो, पण नेमक्या त्याच दिवशी सर आली तर पराग धुऊन जातात. पुढे दोन-तीन आठवड्यांत दुसरी सर आली नाही तर फळधारणा कमी होते. पाऊस लांबला की बहिणीचे यजमान तळ्यातले पाणी तुषारांनी देतात. तळेच आटले असेल तर तेही जमत नाही.

डिसेंबर-जानेवारीतला पाऊस तर नकोच. पिकलेली फळे फुटून गळतात, अंगणात वाळत घातलेल्या फळांवर रात्री-अपरात्री ताडपत्री ओढावी लागते आणि बुरशी धरली की दर पडतो. वर्षाची सरासरी कागदावर उत्तम, पीक मात्र हातचे गेलेले, असे तिने मला एकदा नव्हे, तीनदा ऐकवले आहे.

प्रश्नकर्ता – वाफाळता पेला

आभारी आहे. भाव खाली का येत नाही, हे मात्र अजून उमगले नाही.

उत्तर – वायदेवाचक

येतो, पण सावकाश. नव्या रोपाला धड पीक यायला तीन-चार वर्षे लागतात आणि अरेबिकाचे झाड एक वर्ष भरघोस, पुढचे वर्ष हात राखून देते, त्यामुळे एका धक्क्याची भरपाई पुढच्याच हंगामात होत नाही. तोवर दुसरा धक्का बसतो. व्हिएतनाममध्ये अनेक शेतकरी आधीच कॉफी सोडून ड्युरियन फळाकडे वळले होते. त्यात २०२४ च्या सुरुवातीचा दुष्काळ आला आणि सप्टेंबरमध्ये रोबस्टाने टनामागे पाच हजार डॉलरचा टप्पा ओलांडला. पाठोपाठ ब्राझीलमधल्या कोरड्या वर्षाने अरेबिकालाही फेब्रुवारी २०२५ मध्ये चार डॉलरच्या वर नेले.

आता तुमच्या पुरवठादाराविषयी. त्याला मिश्रणात अरेबिका किती आणि रोबस्टा किती, हे विचारा. रोबस्टाच अधिक असेल तर ब्राझीलमधल्या थंडीपेक्षा व्हिएतनामचे कारण जास्त पटण्याजोगे आहे. वायदे उतरल्यावर तो जुन्या महाग साठ्याचे कारण सांगेल आणि ते काही काळ खरेही असेल. पण वायदे चढले तेव्हा स्वस्तातला साठा त्याच्याकडे पडून असूनही दर त्याच आठवड्यात वाढला होता का, हे जुन्या बिलांवर तपासून पाहा.

प्रश्नकर्ता – वाफाळता पेला

बिले काढली. त्याच आठवड्यात वाढला होता.