तात्यांचा पीसी २०१२ सालात गेलाय

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

तात्या ए-२०३ (रा. ८:०४): नमस्कार मंडळी. हा ग्रुप कामापुरता आहे हे ठाऊक आहे आणि हे कामच आहे. सोसायटीचा हिशेब ज्या पीसीवर आहे तो काल गावाहून आल्यापासून वेड्यासारखा वागतोय. चालू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजी दोन ओळी आणि खाली ‘एफ१ दाबा’. दाबलं की विंडोज येतं. पण बँकेची साइट उघडत नाही, मेल उघडत नाही. जिथे जावं तिथे ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’. व्हायरस शिरलेला दिसतोय. नोटीस त्यातच आहे.

सचिव: तात्या, नोटीस उद्या बोर्डावर लागलीच पाहिजे. सभा २८ ला. मध्ये पूर्ण १४ दिवस लागतात, लावल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचाही नाही. उद्या १३, शेवटचा दिवस.

प्रधानकाका बी-७०१: फॉर्मॅट मारा. एका तासाचं काम.

सचिव: काका, हिशेब आहे त्यात 🙏

साठेकाकू डी-१०१: तात्या, आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात असंच झालं होतं. ह्यांनी आतली रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर शाळेचं खोडरबर घासलं, परत बसवली. झाला चालू. खाडीची हवा आहे आपल्याकडे, सगळं गंजतं.

मयूर सी-६०२: काकू, उपाय खरा आहे. पण रॅमचा असा दोष असला की बहुतेक वेळा पडद्यावर काहीच येत नाही, आतून नुसतं टूं टूं वाजतं. तात्यांचं विंडोज येतंय म्हणजे रॅम ठीक आहे. मी ट्रेनमध्ये आहे, नेटवर्क जाईल. तात्या, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय आहे?

तात्या ए-२०३: थांब, चष्मा घेतो.

तात्या ए-२०३: ०१-०१-२०१२.

डी-३०४: मग मेंटेनन्सही २०१२ च्या दराने घ्या 😄

सचिव: डी-३०४, तुमचे तीन महिने बाकी आहेत. चालू दराने.

मयूर सी-६०२ (रा. ८:३१): तुर्भ्याला नेटवर्क गेलं होतं. तात्या, व्हायरस नाही. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, एक चपटा गोल सेल असतो, तो संपलाय. वीज नसताना पीसीचं घड्याळ त्या सेलवर चालतं. सेल मेला की घड्याळ मागे, बहुतेक बोर्डांवर ते बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) बनलं त्या सुमाराच्या तारखेवर जातं. आता साइट का उघडत नाहीत? प्रत्येक साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ लिहिलेलं. तुमचा पीसी समजतोय की आज १ जानेवारी २०१२. बँकेचं प्रमाणपत्र २०२५ चं. पीसी म्हणतो, हे तर अजून सुरूच झालेलं नाही, खोटं असणार. त्याच्या परीने तो बरोबर वागतोय.

तात्या ए-२०३: अरे पण गणपतीपूर्वी व्यवस्थित होता की!

मयूर सी-६०२: गावाला जाताना भिंतीवरचं बटण बंद केलंत का?

तात्या ए-२०३: बटण नाही, मेन स्विचच. २५ ऑगस्टला बंद, काल ११ ला चालू. रोज रात्री मात्र पीसीचं भिंतीवरचं बटण आठवणीने बंद करतो.

मयूर सी-६०२: मग तेच. बटण चालू असलं की पीसी बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, थोडी वीज देत राहतो, घड्याळ त्यावर चालतं, सेलवर भार नाही. तुम्ही रोज बंद करता म्हणून तेरा वर्षांचा सेल रात्रीच्या रात्री झिजत होता. सतरा दिवस सलग मिळाले, गेला.

तात्या ए-२०३: विजेची बचत करत होतो रे.

मयूर सी-६०२: 🙏 आत्तापुरतं तारखेवर राइट क्लिक करून तारीख-वेळ हाताने लावा. ‘आपोआप’वर ठेवून भागणार नाही, इतक्या वर्षांचा फरक विंडोज स्वतःहून भरून काढत नाही.

तात्या ए-२०३ (रा. ८:५२): लावली. बँक उघडली!! तू जेवलास का?

कुंदाताई बी-४०४: विषय निघालाच आहे तर, प्रधानकाकांनी मागे पाठवलं होतं ना ‘कॉम्प्युटर दुप्पट वेगाने’, ते मी मुलाच्या लॅपटॉपवर केलं. तेव्हापासून तो गोगलगाय झालाय. ऑनलाइन क्लासमध्ये सरांचा चेहरा अडकून बसतो.

मयूर सी-६०२: काय केलंत नक्की?

कुंदाताई बी-४०४: एमएसकॉन्फिग उघडा, बूट, ॲडव्हान्स्ड, तिथे ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक करून २०४८ लिहा. प्रोसेसरच्या चौकटीतही सगळ्यात मोठा आकडा निवडा.

मयूर सी-६०२: ताई, लॅपटॉपमध्ये ८ जीबी आहे. तुम्ही त्याला सांगितलंत, २ जीबीच वापर, बाकीला हात लावू नकोस. ती चौकट मर्यादा घालण्यासाठी आहे, प्रोग्रॅमची चाचणी करणाऱ्यांना लागते. प्रोसेसरचंही तसंच, टिक नसेल तर विंडोज सगळे कोअर वापरतंच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जा, खाली ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’समोर अडवून ठेवलेल्या मेमरीचा आकडा दिसेल.

कुंदाताई बी-४०४: ६ जीबीच्या वर!

मयूर सी-६०२: दोन्ही टिक काढा, ओके, रीस्टार्ट. शटडाउन करून परत चालू नका करू, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवतात, नवीन सुरुवात होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा, रोज बंद करणाऱ्यांचेही तिथे पंधरा-वीस दिवस निघतात.

प्रधानकाका बी-७०१: हा मेसेज डिलीट केला आहे

कुंदाताई बी-४०४: झालं नीट! मुलगा म्हणतो यापुढे काकांचं काही करायचं नाही 😂

प्रधानकाका बी-७०१: मला भाच्याने पाठवलं होतं. तो कॉम्प्युटरमध्येच आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

सी-२०१: पाणी आज ११ ला जाणार का?

सचिव: नाही, ती अफवा.

तात्या ए-२०३ (स. ९:२०): सकाळी पीसी चालू केला, एफ१ दाबलं, नोटीस उघडून प्रिंट काढली. वॉचमनने बोर्डावर लावली. हिशेबाची पत्रकंही तयार. मयूर, सेल आणायला स्टेशनकडे आलोय. इथला दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्डच गेलाय, साडेचार हजार लागतील.

मयूर सी-६०२: चाळीस रुपयांचा सेल आहे तात्या. हात जोडून बाहेर या. सीआर २०३२ मागा.

तात्या ए-२०३ (स. १०:०५): आणला. दुकानदाराकडे दोन प्रकार होते, २०३२ आणि २०२५. मी २०२५ घेतला, यंदाचा ताजा माल.

मयूर सी-६०२: 😭 तात्या ते साल नाही. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर. व्होल्ट दोन्हीचे ३ च, पण खाचेत सैल बसेल, कधी टेकेल कधी नाही.

डी-३०४: मी २०२६ चा येईपर्यंत थांबणार.

साठेकाकू डी-१०१: २०३२ माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला तोच लागतो, जोडीचं पाकीट आणलं होतं. मयूर, येऊन घेऊन जा. आणि तात्या, बोर्डावर जाऊन जरा नोटीस वाचा.

तात्या ए-२०३: का? शुद्धलेखन?

साठेकाकू डी-१०१: शुद्धलेखन छान आहे. दिनांक ०१/०१/२०१२ आहे.

सचिव: अरे देवा.

डी-३०४: १४ पूर्ण दिवस नक्की भरले 👏

तात्या ए-२०३: काल तारीख लावली होती की मी हाताने!

मयूर सी-६०२: आणि रात्री बटण बंद केलंत.

तात्या ए-२०३: केलं.

मयूर सी-६०२: नोटिशीत तारीख टाइप केलेली नाही, आपोआप बदलणारी आहे. पीसी सांगेल ती छापते. मी वर येतोय, काहीही बंद करू नका. नोटीस माझ्या लॅपटॉपवर उघडून प्रिंट देतो.

मयूर सी-६०२ (दु. १२:४०): फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवर उघडली. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा.

कुंदाताई बी-४०४: हा तरी व्हायरस ना?

मयूर सी-६०२: नाही ताई. तात्या अजून युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतात. त्यात फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरांचेच संकेतांक, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळून पडतो.

तात्या ए-२०३: त्या फॉन्टमध्ये माझा हात बसलाय. बँकेतल्या टाइपरायटरची बोटं आहेत ही.

मयूर सी-६०२: हात बसलाय हे खरंच, मी बघत होतो, न बघता टाइप करतात. म्हणून फाइल तात्यांच्याच पीसीवर ठेवली. तारीख हाताने टाइप केली, मग प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडलं. पीडीएफच्या पोटात फॉन्ट सोबत जातो, आता ती कुठेही मराठीतच दिसेल. सचिव, तुम्हाला पाठवलीय.

सचिव (दु. १:१५): मिळाली. बघतो.

मयूर सी-६०२ (दु. १:३०): आता खरी भानगड. सचिव, हे तुमच्यासाठी. सोसायटीचा फोल्डर कॉपी करताना वेग सेकंदाला १-२ एमबी, मध्येच शून्य, आणि डब्यातून टक... टक... आवाज. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्रॅम) लावून बघितलं तर पिवळी पाटी, ‘कॉशन’. डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झालेत आणि ती ‘पुढे बघू’ म्हणून बाजूला टाकतेय. सेलचा आणि याचा संबंध नाही. तात्या, पीसी हळू चालतोय असं कधीपासून वाटतंय?

तात्या ए-२०३: दिवाळीपासून. मला वाटलं वय झालं. माझं.

प्रधानकाका बी-७०१: डिस्क तपासायची कमांड, सीएचकेडीएसके स्लॅश आर द्या. माझा स्वतःचा अनुभव आहे, फॉरवर्ड नाही.

मयूर सी-६०२: काका, कमांड योग्य आहे, वेळ चुकीची. स्लॅश आर म्हणजे अख्खी डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावणं. धाप लागलेल्या माणसाला आठ मजले जिने चढायला लावायचे. आधी कॉपी. ती झाली की डिस्क मेली तरी चालेल.

मयूर सी-६०२ (दु. ३:५०): झालं. २०१२ पासूनचे सगळे हिशेब, सभासद नोंदवही, इतिवृत्तं. एक प्रत पेन ड्राइव्हवर सचिवांकडे, एक माझ्याकडे. वाचता न आलेल्या फाइल दोनच, दोन्ही २०१६ च्या कोजागिरीचे फोटो.

साठेकाकू डी-१०१: बरं झालं. त्यात माझे डोळे मिटलेले होते.

सचिव: मयूर, सोसायटीच्या वतीने आभार. आता नवीन पीसी घ्यावा का? सभेत विषय मांडता येईल.

मयूर सी-६०२: नवीन घ्यायची घाई नको. डिस्क काढून साधी साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली तर तात्यांना वाटेल गणपतीत नवस फेडला. वाशीला दोनेक हजारांच्या आत मिळते. ४ जीबी रॅमची ८ करू, जुनी डीडीआर३ लॅमिंग्टन रोडला मिळते. फक्त एक अडचण. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट येत्या १४ ऑक्टोबरपर्यंतच. विंडोज ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तात्यांचा आय३ तिसऱ्या पिढीतला. मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी केली तर जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ते करून वर्ष काढू. बँकेचे व्यवहार या पीसीवर असल्याने हे मात्र टाळायचं नाही.

प्रधानकाका बी-७०१: नोंदणीविना चालवणारा एक जुगाड आहे माझ्याकडे

कुंदाताई बी-४०४: काका. नाही.

तात्या ए-२०३: एसएसडी घेऊ. पण आत्ता पितृपक्ष आहे. नवीन वस्तू नको.

मयूर सी-६०२: डिस्क पितृपक्ष पाळत नाही तात्या.

तात्या ए-२०३: प्रती दोन ठिकाणी आहेत म्हणालास ना? मग पाळेल. २२ ला घटस्थापना, त्या दिवशी आणू.

मयूर सी-६०२: चालेल. तोवर पीसीवर नवीन काही लिहू नका. काकूंचा सेल बसवलाय. जुना काढताना खाचेचा चिमटा नखाने दाबायचा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा नाही, चिमटा तुटला तर मग खरंच बोर्डाचा खर्च. तारीख लावली, मुद्दाम दहा मिनिटं बटण बंद ठेवलं, परत चालू. आजचीच तारीख. एफ१ मागितलं नाही.

तात्या ए-२०३: आता रात्री बटण बंद करू ना?

मयूर सी-६०२: करा तात्या. पाच वर्षं मोकळे.

सचिव (सं. ५:४०): दुसरी प्रत बोर्डावर लावली, फोटो सोबत. दिनांक १३/०९/२०२५. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. सभा रविवार २८ सप्टेंबर, सकाळी १०, टेरेसखालचा हॉल.

डी-३०४: पहिली प्रत फेकू नका, फ्रेम करा.

सचिव: ती तात्यांनी घरी नेली. तुमचे तीन महिने अजून बाकी आहेत.

साठेकाकू डी-१०१ (सं. ७:१५): तात्या, जोडीतला दुसरा सेल आज काट्यात टाकला आणि तो निघाला मेलेला. काटा बंद. नवरात्राची भाजणी मोजायचीय.

तात्या ए-२०३: वहिनी, २०२५ चा आहे माझ्याकडे, पाठवू का?

साठेकाकू डी-१०१: तात्या.

तात्या ए-२०३: उद्या सकाळी आणून देतो. २०३२. पाकिटावर वाचून.