लघुमूर्तींचे तयार एन्काउंटर-संच घ्यावेत का?

नौपाडेकर (धागाकर्ता):
टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांसाठी (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळांसाठी) हल्ली एका चकमकीचा, म्हणजे एन्काउंटरचा, सगळा सरंजाम एकाच खोक्यात मिळतो: सहा-आठ गॉब्लिनांच्या (बुटक्या राक्षसांच्या) रंगवलेल्या लघुमूर्ती, त्यांचा म्होरक्या, एखादा लांडगा, चौकोन आखलेला छापील नकाशा आणि प्रत्येकाचे हिट पॉइंट (तो किती मार सोसेल तो आकडा) वगैरे दिलेली कार्डे. आमच्या ठाण्यातील गटात असा संच वर्गणीतून घ्यावा, असा प्रस्ताव आला असून माझा त्याला विरोध आहे. किंमत हा मुद्दा आहेच, पण तो तूर्त बाजूला ठेवतो. एकदा पैसे मोजले की डीएमला (डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) ती चकमक घडवून आणण्याचा मोह आवरत नाही. खेळाडूंनी गॉब्लिनांशी बोलणी करायचे किंवा खिंड टाळून नदीकाठाने जायचे ठरवले, तरी टेबलावर आधीच मांडलेली खिंड पाहून ते निमूटपणे तलवारी उपसतात. दिवाळीत प्लास्टरचा तयार किल्ला आणणाऱ्याच्या हाती मावळे कुठे उभे करायचे एवढेच उरते. माची आणि चोरदरवाजा कुठे असावा, हे कारखान्यात ठरून गेलेले असते.

वाशीकर:
आपला आक्षेप डीएमवर आहे, खोक्यावर नाही. ढकलणारा डीएम कोऱ्या कागदावरही खेळाडूंना ढकलतोच. आम्ही सारे नोकरदार असल्याने रविवारचे जेमतेम तीन तास हाती असतात, आणि त्यातला अर्धा तास मॅटवर मार्करने गुहा काढण्यात गेला की चिडचिड होते. शिवाय 1 इंच म्हणजे 5 फूट हे माप एकदा समोर असले की वाद मिटतात. फायरबॉल या आगीच्या मंत्राची त्रिज्या 20 फूट, म्हणजे 4 चौकोन. त्यात तीन गॉब्लिन सापडतात की पाच, आणि आपल्याच गटातला ‘रोग’ (चोराचे पात्र) होरपळतो का, हे नुसत्या तोंडी वर्णनावर ठरवायला बसा म्हणजे कळेल.

घोडबंदरकर:
रंगकामाचाही विचार व्हावा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की स्प्रे प्राइमर (रंगाआधी द्यायचा थर) मूर्तीवर पांढरट, खरखरीत बसतो आणि चेहऱ्याचे बारकावे बुजतात. ज्यांना रंगवण्याची हौस नाही, त्यांना रंगवून आलेली मूर्ती हा मोठाच आधार आहे. शिवाय लघुमूर्तींना खेळात उपरे मानणे इतिहासाला धरून नाही: 1974 सालच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाचे मूळ 1971 च्या चेनमेल या लघुमूर्तींच्या युद्धखेळात आहे, आणि त्याचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी आउलबेअर व रस्ट मॉन्स्टर हे त्यातले काल्पनिक प्राणी दुकानातल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांवरून घडवले.

नौपाडेकर:
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या खेळण्यांसोबत कार्ड नव्हते, म्हणून तर तो विचित्र आकार काय खातो आणि कसा लढतो, हे गायगॅक्स यांना कल्पावे लागले. संचात ते सगळे लिहूनच येते. माझा विरोध मूर्तींना नाही, त्यांच्यासोबत येणाऱ्या तयार उत्तरांना आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांत तर चौकोनी ग्रिडसुद्धा ऐच्छिक आहे.

वाशीकर:
कार्डावरचे आकडे म्हणजे शिलालेख नव्हेत. चार जणांसाठी बेतलेली चकमक आमच्या सहा जणांच्या गटाला पुरत नाही, कारण एका फेरीत आमच्या बाजूचे वार जास्त पडतात. तेव्हा मी दोन गॉब्लिन वाढवतो आणि म्होरक्याला मागच्या दाराने आणतो. ही फेरफार करायला वेळ मिळतो, तो मांडणी आयती मिळाल्यामुळेच. एक पथ्य मात्र मीही पाळतो: एकच अजस्र ड्रॅगन असलेला संच घेत नाही, कारण तो मेला की वर्षभर कपाटात पडून राहतो. गॉब्लिन, सांगाडे आणि लांडगे मात्र कुठल्याही मोहिमेत खपतात, प्रसंगी दरोडेखोर म्हणूनही.

नौपाडेकर:
गॉब्लिनांपुरती वर्गणी द्यायला मी तयार आहे. आमच्या टेबलावर छापील नकाशा मात्र उलटा घालावा आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर खेळाडू जातील तशी वाट आखावी, एवढी अट मी गटापुढे ठेवणार आहे.