मदत हवी आहे: पानांवर गाठी, नीम ऑइलने जात नाहीत

मुलुंडकर:
सोसायटीच्या कंपाउंडला लागून झुडपं आहेत, सगळ्या पानांवर हिरव्या बोंडासारख्या गाठी आल्यात, जुन्या पानांवरच्या वाळून तपकिरी झाल्यात. तीन रविवार नीम ऑइल मारलं, फरक शून्य. येत्या रविवारी मीटिंग आहे आणि सेक्रेटरी म्हणतायत मुळासकट काढून टाका. कुठलं औषध मारू ते पटकन सांगा, लेक्चर नको.

कुंडीवाली:
गुलाबी मिलीबग! माझ्या जास्वंदीला झालेलं, शेंडा आवळून पानांचा नुसता गुच्छ. शेंडे कापून पिशवीत बांधून फेका.

मुलुंडकर:
जास्वंद कुठे म्हटलं मी?

गच्चीमाळी:
मग झाड कुठलं तेही कुठे म्हटलंत? फोटो टाका. आणि एक गाठ ब्लेडने चिरून बघा. सातवीण असेल तर आत सिला नावाच्या किड्याचं पिल्लू दिसेल.

मुलुंडकर:
फोटो अपलोड होत नाहीये. माळी करंज म्हणतो, पाच फुटांवर छाटून कुंपण केलंय. गाठ चिरली, आत पोकळ, किडाबिडा काही नाही.

गच्चीमाळी:
करंज असेल तर दिसणारच नाही. तो किडा नाही, कोळी आहे, माइट, जेमतेम 0.2 मिमी, भिंग लागतं. इतर कोळ्यांना आठ पाय, ह्याला चारच. कोवळ्या पानाला तो चावला की पान स्वतःच तिथे फुगतं आणि हा आत मजेत राहतो, वरून मारलेलं तेल पोचणार कसं? आलेली गाठ आता जात नाही, पान गळेल तेव्हाच.

बदलापूरचा शेतकरी:
वेटेबल सल्फर, म्हणजे पाण्यात मिसळायचं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, आजच मारा.

गच्चीमाळी:
आजच? तेल कधी मारलंय विचारलंत का? तेलावर दोन आठवड्यांच्या आत गंधक पडलं की पानं करपतात.

बदलापूरचा शेतकरी:
वीस वर्षं मारतोय, काही करपत नाही.

गच्चीमाळी:
तेलावर मारताय?

बदलापूरचा शेतकरी:
तेल कोण मारतं.

ऑरगॅनिक_दादर:
केमिकल कशाला, करंज तेल मारा ना.

मुलुंडकर:
करंजाला करंजाचंच तेल??

शुभाताई:
गाठींवरून आठवलं, बाळगुटीतलं मायफळ पण फळ नसतं म्हणे, ओकच्या झाडावर इवलीशी वॉस्प अंडं घालते त्याची गाठ. सासूबाई सहाणेवर दोन वेढे उगाळायच्या, दगडासारखं टणक.

ऑरगॅनिक_दादर:
म्हणजे लहानपणी आम्ही किड्याचं घर चाटलं?

पंखवाला:
कृपा करून काहीच मारू नका. कॉमन बँडेड ऑल फुलपाखराच्या अळ्या करंजाच्या कोवळ्या पानांवर वाढतात. आणि करंज म्हणजे वृक्ष, मुळासकट काढायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती घेतलीये का हे सेक्रेटरींना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारा.

मुलुंडकर:
हे बरं सांगितलंत, विचारतो. तेल कालच मारलंय. मग आता करू काय?

गच्चीमाळी:
गंधक नको. गाठींनी भरलेल्या फांद्या छाटून कचऱ्यात टाका, खतात नको. नवी पालवी फुटली की बघा, तेव्हाच काही मारलं तर उपयोग. नाही मारलं तरी करंज ह्याने मरत नाही, दिसायला तेवढा वाईट दिसतो.

कुंडीवाली:
माझ्या जास्वंदीला गंधक चालेल का?