प्रवासात मुले आणि मैलाचे दगड

लांबच्या प्रवासात मुले कंटाळू नयेत म्हणून टॅबवर चित्रपट भरून न्यावेत, ही नेहमी ऐकू येणारी सूचना सपाट रस्त्यापुरती ठीक आहे. घाटात मात्र ती अंगाशी येते. कानाच्या आतल्या भागाला वळणे जाणवत असतात आणि डोळे स्थिर पडद्यावर खिळलेले असतात. या विसंगतीमुळेच मळमळते. कशेडी घाटात आमच्या धाकटीला उलटी झाली, तेव्हापासून मुलुंड सोडले की पडदा बंद आणि नजर खिडकीबाहेर, असा आमचा नियम आहे.

बाहेर पाहायचे तरी काय, तर मैलाचे दगड. राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा असतो आणि राज्य महामार्गावरील हिरवा, एवढे सांगितल्यावर माणगावपर्यंत दोघींनी एकही दगड सोडला नाही. जुन्या वहीत गावाचे नाव आणि उरलेले किलोमीटर लिहिताना थोरलीची वजाबाकी आपोआप पक्की झाली. महामार्ग सोडून आजोळच्या रस्त्याला लागल्यावर, पावसाने शेवाळलेल्या एका दगडावरचा हिरवा रंग आधी धाकटीला दिसला आणि त्या आनंदात ती चिपळूणच्या बाजारातले खाऊचे दुकानही विसरली.