रीस्टार्टनंतर पहिली ओळ जुनाच थ्रेड वाचतो. त्याला सोडवायचे कसे?

प्रश्न:
माझा पायथनमधला कमांड-लाइन प्रोग्राम वापरकर्त्याच्या आज्ञा एका वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या कामात) इनपुट() या फंक्शनने वाचतो. सेटिंगची फाइल बदलली की प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) तीच ठेवून बाकीचे सगळे नव्याने उभे राहते आणि त्याबरोबर वाचणारा नवा थ्रेडही सुरू होतो. जुना थ्रेड मात्र एंटरची वाट पाहत अडकलेलाच असतो. त्यामुळे रीस्टार्टनंतर टाइप केलेली पहिली ओळ तोच गिळतो आणि ‘स्टेटस’ ही आज्ञा दोनदा द्यावी लागते. थांबण्याचा फ्लॅग लावला, थ्रेड डीमन केला, तरी फरक पडला नाही. त्याला बाहेरून सोडवता येईल का?

पहिले उत्तर:
सुरक्षितपणे नाही. फ्लॅग तपासला जातो तो इनपुट() परतल्यावर, आणि तोपर्यंत ओळ हातची गेलेली असते. डीमनचा अर्थ एवढाच, की प्रोसेस संपताना त्या थ्रेडसाठी थांबायचे नाही. तुमची प्रोसेस तर संपतच नाही. माझ्या मते वाचणारा थ्रेड रीस्टार्ट होणाऱ्या भागात असूच नये. प्रोसेस सुरू होताना एकच थ्रेड सुरू करा. त्याने ओळी वाचून क्यूमध्ये (रांगेत) टाकाव्यात आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या भागाने त्या क्यूमधून टाइमआउट देऊन (ठरावीक वेळच वाट पाहून) उचलाव्यात. ‘फाइल पुसायची का?’ असे विचारून झाल्यावर रीस्टार्ट झाला, तर नंतर आलेले ‘हो’ नव्या सत्राने आज्ञा म्हणून घेऊ नये, याची काळजी मात्र घ्यावी लागेल.

दुसरे उत्तर:
लिनक्स आणि मॅकओएसवर थ्रेडशिवायही भागते. सिलेक्टला (अनेक ठिकाणांपैकी कुठे काही वाचायला आले, याची वाट पाहणाऱ्या कॉलला) स्टँडर्ड इनपुट आणि स्वतःचा एक पाइप (एका टोकाला लिहिलेले दुसऱ्या टोकाला वाचता येते अशी नळी) असे दोन्ही द्या. रीस्टार्ट करायचा झाला की पाइपमध्ये एक बाइट लिहा, म्हणजे वाट पाहणे तिथेच संपते. मग वाचन ओएस.रीड() नेच करा, कारण रीडलाइन() पुढच्या ओळीही आपल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ओढून घेऊ शकते आणि त्या सिलेक्टला दिसत नाहीत. विंडोजवर सिलेक्ट फक्त सॉकेटवर चालते, त्यामुळे तिथे वरचा क्यूचाच मार्ग बरा. इनपुटवर ओ-नॉनब्लॉक (वाचताना वाट न पाहण्याचा फ्लॅग) लावण्याचा मोह टाळा; तो फ्लॅग त्याच टर्मिनलवर चालणाऱ्या शेललाही (ज्यातून तुमचा प्रोग्राम सुरू केला त्या प्रोग्रामलाही) लागू होऊ शकतो.

तिसरे उत्तर:
स्मृतीतली स्थिती जपायची नसेल, तर ओएस.एक्झेकव्ही() चा, म्हणजे चालू प्रोग्रामच्या जागी तो नव्याने सुरू करणाऱ्या कॉलचा, विचार करा. युनिक्सवर प्रोसेसचा क्रमांक तोच राहतो आणि अडकलेल्या थ्रेडसह सगळे थ्रेड नाहीसे होतात; बफरमध्ये आधीच आलेल्या, पण न वापरलेल्या ओळीही जातात. टर्मिनलची स्थिती मात्र तशीच राहते, म्हणून इको (टाइप केलेले पडद्यावर दिसणे) बंद केला असेल तर तो आधी पूर्ववत करा. विंडोजवर या कॉलने नवी प्रोसेस सुरू होऊन जुनी संपते, त्यामुळे शेल आणि तुमचा प्रोग्राम एकाच इनपुटसाठी भांडू लागतात.

प्रश्नकर्ता:
स्थिती जपायची आहे, म्हणून क्यूचा मार्ग घेतो. वापरकर्त्याने कंट्रोल-डी दाबले तर?

पहिले उत्तर देणारे:
इनपुट() ईओएफएरर (इनपुट संपल्याची त्रुटी) देईल. तो वाचणाऱ्या थ्रेडमध्येच पकडून क्यूमध्ये नन (पायथनमधले ‘काहीच नाही’ हे मूल्य) टाका आणि थ्रेड संपवा. इनपुट संपल्याची खूण प्रोसेसच्या पातळीवर जपून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतरचा भाग कधीच न येणाऱ्या ओळीची वाट पाहत राहील.