तैलरंगातले गडद भाग मलूल पडलेत, दुसऱ्या बैठकीआधी काय लावू?

मित्रांची व्यक्तिचित्रं ज्याच्या त्याच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात रंगवतोय. चेहऱ्याइतकीच मागची दोरी, कॅलेंडरचं पान, भिंतीचा पोपडाही हवाय, म्हणून फोटोवरून काम नाही.

सध्याचं चित्र गिरगावातल्या चाळीतलं. १२ × १६ इंची एमडीएफची फळी, अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, वर पॉलिश पेपर. पहिली बैठक ३ तासांची, थेट रंग.

आठ दिवसांनी केस आणि हनुवटीखालची सावली (बर्न्ट अंबर + अल्ट्रामरीन) न पुसलेल्या पाटीसारखी राखाडी दिसतेय. गालाचा पांढरा मिसळलेला भाग ठीक आहे. जेसोने तेल ओढलं आणि अंबर मुळातच तेलपिता, एवढं कळतं. पण या मलूल रंगाशी नवी छटा जुळवली तर वॉर्निशनंतर ठिगळ उघडं पडणार.

जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन १:१ करून बोटभर जागेत चोळलं, दहा मिनिटांनी पुसलं. रंग खुलला, पण पावसाळी हवेत चार दिवस चिकट राहिला, वर धूळ. बहुधा पुसायलाच कमी पडलो. रिटचिंग वॉर्निशचा (काम चालू असताना मारायच्या पातळ वॉर्निशचा) फवारा नको. खोली १० × १२ फुटांची, स्वयंपाकही तिथेच.

मित्र १२ दिवसांनी खोली सोडतोय, म्हणजे बैठक एकच उरलीय. (फळी बदला म्हणू नका, पुढच्या वेळी जेसोचं तेल ओढणं नीट बंद करेन.)

तर तेल फक्त मलूल भागावर लावू की पूर्ण चित्रावर? आणि जवसाऐवजी पातळ केलेलं अल्किड मीडियम (तैलरंग लवकर वाळवणारं रेझिनचं माध्यम) चोळलं तर या दमट हवेत बैठकीपर्यंत चिकटपणा जाईल का?